मत एक, पत्ते दोन

सर्व्हरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवणं म्हणजे हल्ली किरकोळ काम. पण एएफएस नावाच्या फाइल सिस्टिममध्ये या कार्डामुळे चक्क निवडणुकीचा प्रश्न उभा राहिला!

थोडं मागे जाऊया. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमबरोबर अँड्र्यू प्रकल्प हाती घेतला. कॅम्पसवरच्या निदान ५,००० वर्कस्टेशन्सवर सगळ्या फाइली सारख्याच दिसाव्यात, हा इरादा. (त्यातले एक प्रमुख, सत्यनारायणन, आपल्या मद्रास आयआयटीचे.) कुठली फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे, कोण कुठल्या गटात आहे, हे सांभाळायला मोजके डेटाबेस सर्व्हर. समजा तीन. तिघांकडे सारखीच प्रत.

मग नवी नोंद लिहायची कोणी? तिथे युबिक येतं. सर्व्हर मतदान करतात आणि बहुमतवाला लिखाण सांभाळतो. मत कोणाला? हजर असलेल्यांत ज्याचा आयपी पत्ता सर्वात लहान, त्याला. वर सगळ्या सर्व्हरांत ज्याचा पत्ता सर्वात लहान, त्याचं मत दीड धरायचं, म्हणजे दोनच सर्व्हर असले तरी बरोबरी नाही. गुणवत्ता-बिणवत्ता काही नाही, पण भांडणही नाही. मला तर हे बेहद्द आवडलं.

फक्त यात एक गृहीत लपलेलं होतं: एक यंत्र, एक पत्ता.

दोन कार्डं आली की प्रश्न एका पत्त्यावर जातो आणि उत्तर कधीकधी दुसऱ्यावरून येतं. समोरचा म्हणतो, "हा कोण बुवा?" मत वाया. बहुमत जमलं नाही की लिखाण बंद: नवा युजर नाही, व्हॉल्यूम हलवता येत नाही. आणि तिन्ही यंत्रं ठणठणीत!

पुढे यावर तोड निघाली. सर्व्हर सुरू होताना आपले सगळे पत्ते इतरांना सांगतो. सेलसर्व्हडीबी फाइलीत मात्र प्रत्येक यंत्राचा एकच पत्ता लिहायचा. वापरायचे पत्ते नेटइन्फो फाइलीत, लपवायचे नेटरिस्ट्रिक्टमध्ये. बॅकअपसाठी वेगळं खाजगी नेटवर्क असेल तर ही दुसरी फाइल विसरू नका. नाहीतर इतरांना पोचताच येणार नाही असा पत्ता सर्व्हर खुशाल वाटत सुटतो.

मधल्या काळात मालकी फिरत राहिली. १९८९मध्ये ट्रान्सआर्क कंपनी निघाली, १९९४मध्ये आयबीएमने ती घेतली आणि २०००मध्ये कोड खुला केला. तेच ओपनएएफएस. या दोन्ही फाइली त्यातही आहेत, साध्या टेक्स्टच्या, एका ओळीत एक पत्ता.