जोशीमठची वाट : यात्रेपासून बर्फाच्या खेळापर्यंत

नर्मदेच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आम्हां मराठी मंडळींचे हिमालयाशी नाते मुळात यात्रेचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून शासकीय सेवेतील अनेक कुटुंबे भोपाळला आली. त्यांच्यासोबत गंगेचे गडू आले आणि मावंद्याची चालही आली. बद्री-केदार करून सुखरूप परतलेला मनुष्य आप्तेष्टांना जेवू घाली, तेव्हा कोठे त्याची यात्रा पुरी होई. त्याच घरांतील नातवंडे आता मित्रमैत्रिणींचा मेळा जमवून ऐन माघात जोशीमठच्या वाटेला लागतात. त्यांना जायचे असते जोशीमठच्या डोक्यावर असलेल्या औलीच्या उतारावर, स्की आणि स्नोबोर्ड खेळण्यासाठी. वाट तीच, हेतू निराळा. तरीही या बदलाकडे केवळ ‘तेव्हाची भक्ती, आताची मौज’ अशा नजरेने पाहू नये, असे आम्हांस वाटते. खरा बदल ऋतूचा आहे.

जुनी यात्रा ऋतूंच्या शिस्तीत चाले. बद्रीनाथची कपाटे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उघडतात आणि दिवाळीनंतर काही दिवसांनी बंद होतात. त्यानंतर आदि शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात येते. सरहद्दीवरच्या माणा आणि नीती भागांतील भोटिया कुटुंबेही गुरेमेंढरे घेऊन खालच्या गावांत उतरतात. देव उतरे, माणूस उतरे, जनावर उतरे, आणि वरचा पर्वत सुमारे सहा महिने बर्फाखाली विसावा घेई.

या व्यवस्थेला आपल्या माळव्यानेही हातभार लावला आहे. देवी अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य केले. त्यांच्या दानधर्माच्या नोंदींत बद्रीनाथाच्या मार्गावरील धर्मशाळा आणि कुंड तर आहेतच, शिवाय गुरांसाठी राखलेले कुरणही आहे. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी आपल्या प्रदेशात थाटाने साजरी झाली. त्या निमित्ताने मंदिरे आणि घाट पुष्कळांनी आठवले, कुरण मात्र थोड्यांनी. ज्या मुलखात आपली रयत यात्रेला जाते, तेथील चाऱ्याचीही काळजी आपण वाहिली पाहिजे, ही त्यामागील दृष्टी.

बर्फावरील खेळाची कुळी अगदी वेगळी. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेचा, मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी. तेथे ते खेळणे नव्हते. हिवाळ्यात घराबाहेर पडण्याचे ते साधन होते. हिंदुस्थानात या खेळाला संघटित रूप दिले ते इंग्रज अधिकाऱ्यांनी. १९२७ मध्ये त्यांनी गुलमर्गला स्की क्लब स्थापन केला. स्नोबोर्ड तर कालपरवाचा. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका बापाने आपल्या मुलींसाठी दोन स्की जोडून एक फळी बनवली, त्यातून तो वाढला आणि १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

१९८९ नंतर काश्मीर अशांत झाले आणि मैदानी पर्यटकांचा ओघ हिमाचल व गढवालकडे वळला. औलीचे दिवस पालटले ते याच सुमारास. औली हे मूळचे बुग्याल, म्हणजे उंचावरील गवताळ कुरण. सुमारे २,५०० ते ३,०५० मीटर उंची, उत्तरेकडे तोंड असलेले उतार आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान येथे बर्फावर चालणे शिकत. पुढे गढवाल मंडल विकास निगमाने सात आणि चौदा दिवसांचे वर्ग सुरू केले. जोशीमठहून सुमारे चार किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग आला. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या. जो पर्वत हिवाळ्यात रिकामा होई, तो हिवाळ्यात भरू लागला. जोशीमठला विसाव्याचा ऋतू उरला नाही : उन्हाळ्यात यात्रेकरू, थंडीत खेळाडू.

यातून स्थानिकांची उपजीविका चालते, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या महिन्यांत तरुणांना डेहराडून-दिल्लीची वाट धरावी लागे, त्या महिन्यांत त्यांना गावातच प्रशिक्षकाचे, खानावळीचे काम मिळू लागले. परंतु हा भार जेथे पडला ती जमीन कशी आहे, हे शासनास ठाऊक होते. जोशीमठची जमीन खचू लागल्याने गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली अठरा जणांची समिती नेमली गेली. १९७६ च्या अहवालात तिने स्पष्ट सांगितले की, हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे. जमिनीची भारक्षमता तपासल्यावाचून मोठी बांधकामे नकोत, सुरुंग लावून धोंडे काढू नयेत, झाडे तोडू नयेत, पाणी मुरू न देता त्याचा निचरा करावा. त्याच्या दोनच वर्षे आधी, मार्च १९७४ मध्ये, जवळच्याच रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सख्यांनी झाडांना कवटाळून जंगलतोड रोखली होती. अडाणी मानल्या गेलेल्या बायांचे आणि तज्ज्ञांच्या समितीचे म्हणणे एकच होते. ज्यांची हयात फायलींत गेली, त्या आम्हांस अशा अहवालांचे प्राक्तन नवे नाही : त्यांवर मोहोर उमटते, क्रमांक पडतो आणि ते कपाटात विसावतात.

जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या आठशेहून अधिक घरांना तडे गेले, कुटुंबे हलवावी लागली आणि औलीचा रज्जुमार्गही थांबवावा लागला. मुरणारे सांडपाणी, वाढलेली बांधकामे, जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा, अशी कारणे पुढे आली. त्यांचा वाद मिटलेला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत औलीच्या आंतरराष्ट्रीय स्की शर्यती रद्द झाल्या, कारण बर्फच पुरेसे पडले नव्हते. कृत्रिम बर्फ उडवणारी यंत्रे आणि त्यांच्यासाठीचा तलाव तेथे आहेत. पण त्या यंत्रांनाही आधी थंडी लागते.

तेव्हा मुलांनी जाऊच नये का? आमचे मत तसे नाही. दहा-बाराजणांनी मिळून पडत-झडत बर्फावर उभे राहायला शिकावे, एकमेकांना हात द्यावा, रात्री शेगडीभोवती गप्पा माराव्यात, यात अनुचित काय? यात्रेतही सोबतीचे सुख होतेच. मात्र यात्रेकरूला आपल्या ऋणाचे भान होते; मावंदे हा त्याचाच भाग. आजच्या तरुणांनी निदान उतरत्या घरांतील पाणी कोठे मुरते ते विचारावे, आपला कचरा आपणच खाली आणावा, स्थानिक प्रशिक्षकास त्याचे पुरे मोल द्यावे, आणि ज्या वर्षी बर्फ पडले नाही त्या वर्षी यंत्राच्या बर्फाचा हट्ट धरू नये. आपल्या घरांतून औलीला निघणाऱ्या मंडळींच्या सामानात गरम कपड्यांसोबत १९७६ च्या त्या अहवालाची माहितीही असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.