बोटीवरचे खेळ

येत्या डिसेंबरात आमचं अख्खं खटलं, म्हणजे आई, दादा-वहिनी, पुतण्या आणि आम्ही दोघं, मुंबईहून क्रूझवर निघतंय. सध्या घरात एकच वाद पेटलाय. पंधरा वर्षांच्या पुतण्याने आपला व्हिडिओ गेमचा कन्सोल बरोबर न्यायचा की नाही? "समुद्र बघायचा सोडून डबड्यात काय डोकं घालायचं!" हे दादाचं म्हणणं. वहिनी गप्प. माझं मत कुणी विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मला पडलेला प्रश्न असा, की बोटीत बसलेला माणूस समुद्र नेमका किती वेळ बघायचा?

बोटीत बसायचं ते कुठेतरी पोचायला, हेच शतकानुशतकं चालत आलेलं. निव्वळ हिंडायला बोट, ही त्या मानाने अलीकडची कल्पना, आणि तिच्यामागे शुद्ध धंदा होता. हॅम्बुर्गच्या एका जहाज कंपनीत अल्बर्ट बालीन नावाचे गृहस्थ होते. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक मिळेना, मोठाल्या बोटी नुसत्या उभ्या. मग 1891 च्या जानेवारीत त्यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट 241 प्रवाशांसह भूमध्य समुद्रात फिरायला काढली. जवळजवळ दोन महिने भटकून, जिथून निघालो तिथेच परत! (बालीनसाहेब स्वतःही बरोबर गेले होते.)

आता पाणी बघून बघून माणूस बघणार किती? म्हणून डेकवर खेळ आले. डेक टेनिस घ्या. चेंडू उसळून समुद्रात जायचा, म्हणून चेंडूऐवजी कडं. आपल्याकडे शाळांच्या मैदानावर मुली जी 'रिंग' खेळायच्या, ते टेनिक्वाईट याच कुळातलं. शाळेत असताना या रिंगचा आणि बोटीचा काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं!

आमची आई तर कोकण बोटीवाली. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून मालवणला. बंदर आलं की बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस सगळं पडावात उतरायचं. तिला विचारलं, "समुद्र कसा दिसायचा गं?" तर म्हणाली, "समुद्र कोण बघतंय! निम्म्या लोकांना बोट लागलेली, उरलेले पत्ते कुटत बसलेले." ही झाली डेकवरच्या प्रवाशांची साक्ष.

व्हिडिओ गेमकडे वळलं की गंमत अशी, की हातात धरायचा गेम जन्मलाच मुळी प्रवासातल्या कंटाळ्यातून. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई स्वतः सांगत, की बुलेट ट्रेनमध्ये त्यांना एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणं उगीच दाबत बसलेला दिसला. त्यातून 1980 साली 'गेम अँड वॉच' आलं, आणि 1989 साली 'गेम बॉय'. चार पेन्सिल सेलवर चालणारा, रंग नसलेला, कमी खर्चिक. त्याच सुमारास रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धीही आले, पण ते सहा सेल काही तासांत फस्त करायचे. प्रवासात चमचमाटापेक्षा टिकणं महत्त्वाचं, हे योकोईंनी बरोबर ओळखलं होतं. एक गेम बॉय तर 1993 साली रशियन अंतराळवीर सेरेब्रोव यांच्याबरोबर 'मीर' स्थानकावरही जाऊन आला. मग क्रूझने काय घोडं मारलंय?

पण दादाचं सगळंच चूक नाही. डेकवरचे खेळ चारचौघांत होते, अनोळखी माणसांची ओळख करून देणारे. पुतण्याला न्यायचाय तो मोठा कन्सोल, केबिनमधल्या टीव्हीला जोडायचा. म्हणजे दार लावून हा एकटा आत आणि आम्ही बाहेर. पुढच्या वर्षी त्याची दहावी, मग कॉलेज. सगळे मिळून अशी सहल पुन्हा कधी होईल कोण जाणे. दादाची खरी धास्ती तीच आहे, समुद्र हे नुसतं निमित्त.

इथे मला रॅल्फ बेअर आठवतात. 1938 साली जर्मनी सोडून अमेरिकेत आलेला हा ज्यू मुलगा पुढे इंजिनियर झाला, आणि त्याच्या यंत्रावरून 1972 साली 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हा घरगुती टीव्हीवरचा पहिला कन्सोल बाजारात आला. पडद्यावर फक्त काही ठिपके आणि एक रेघ. आवाज नाही, गुण मोजायची सोय नाही. डब्यात मात्र सोंगट्यांच्या खेळासारखे फासे, पत्ते आणि खोट्या नोटा! टीव्हीच्या काचेवर लावायला रंगीत प्लॅस्टिकचे कागद. समोर यंत्र खेळत नसल्याने दुसरं माणूस लागायचंच. म्हणजे हे कन्सोल प्रकरण सुरू झालं ते घरच्यांनी एकत्र बसण्याचं साधन म्हणून. एकट्याने दार लावून खेळणं नंतर आलं.

मोठा डबा नेण्यात व्यवहाराच्या अडचणीही आहेत. केबिनचा टीव्ही भिंतीला ठोकलेला, मागची भोकं पुष्कळदा बंद करून टाकलेली. आपला नेहमीचा स्पाइक बस्टर बहुतेक बोटींवर चढूच देत नाहीत. घरी दोन तारांपैकी एक न्यूट्रल असते. बऱ्याच बोटींवर तसं नसतं, दोन्ही तारा जिवंत, त्यामुळे जमिनीवरचा स्पाइक बस्टर तिथे तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने 2013 मध्ये तशी सूचनाच काढली होती.

तेव्हा माझं मत असं. मोठा डबा घरी राहू दे आणि पुतण्याचा तो छोटा स्विच येऊ दे. 2017 साली आलेलं हे यंत्र टेबलावर उभं करता येतं आणि त्याची दोन हँडल्स सुटी करून दोघांना वाटता येतात. त्याने तो डेकवर आणायचा आणि एक हँडल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचं, एवढी एकच अट.

आईला हे वाचून दाखवलं. तिने विचारलं, "त्याच्यात पाच-तीन-दोन आहे का?" नाहीये, बहुतेक. मग पत्त्यांचा जोडही घ्यावा लागेल.