फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह की कोटलिन? क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲप डेव्हलपमेंटमध्ये करिअर निवडताना

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला सांगलीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "दादा, फ्लटर करू की रिॲक्ट नेटिव्ह? उद्या क्लासचा पहिला हप्ता भरायचाय." फी ४५ हजार, तीन हप्त्यांत. काकांनी त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलेलं. मी त्याला एवढंच म्हटलं, "हप्ता आठवडाभर थांबव, तोवर रोज रात्री बोलू." त्या आठवड्यात जे बोललो तेच इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न मला महिन्यातून दोन-तीन वेळा तरी कुणी ना कुणी विचारतंच.

क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय?

तुमच्या अँड्रॉइड फोनवरचं ॲप आणि मित्राच्या आयफोनवरचं तेच ॲप दिसायला सारखं असलं, तरी आतून ते दोन वेगळे प्रोग्रॅम असू शकतात. अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा, आयफोनसाठी स्विफ्ट. याला नेटिव्ह म्हणतात. कंपनीला दोन टीम लागतात, एकच फॉर्म दोनदा लिहावा लागतो आणि एकच बग दोनदा काढावा लागतो. क्रॉस-प्लॅटफॉर्ममध्ये कोड एकदा लिहायचा आणि दोन्हीकडे चालवायचा.

पण "चालवायचा" म्हणजे कसा, इथे खरा फरक आहे. तो कळल्याशिवाय फ्रेमवर्क निवडू नका.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे ॲपच्या आत एक ब्राउझर लपवायचा आणि त्यात वेबपेज दाखवायचं. फोनगॅप, कॉर्डोव्हा, आयॉनिक ही त्या घराण्यातली. काम पटकन होतं, पण स्वस्त फोनवर लांब यादी स्क्रोल केली की अडखळणं जाणवतं.

रिॲक्ट नेटिव्ह फेसबुकने २०१५ मध्ये आणलं. यात तुम्ही जावास्क्रिप्ट लिहिता, पण स्क्रीनवर येणारं बटण त्या त्या फोनचं खरंखुरं बटण असतं. पूर्वी जावास्क्रिप्ट आणि फोन यांच्यात एक "ब्रिज" होता. त्यावरून निरोप पलीकडे जायचे, आणि निरोपांची गर्दी झाली की ॲप रेंगाळायचं. नव्या आर्किटेक्चरमध्ये तो ब्रिज काढून टाकला आणि २०२४ पासून नवीन प्रोजेक्टला हेच डिफॉल्ट मिळतं. यूट्यूबवर अजूनही ब्रिजची तक्रार करणारे व्हिडिओ दिसतात, तेव्हा तारीख बघून मगच विश्वास ठेवा.

फ्लटर गुगलचं. त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २०१८ ची, भाषा डार्ट. फ्लटर फोनकडे बटण मागतच नाही. "मला कोरी पाटी दे, चित्र माझं मी काढतो," असा त्याचा खाक्या. म्हणून दोन्ही फोनवर ॲप हुबेहूब सारखं दिसतं.

तिसरी वाट कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मची. जेटब्रेन्सने ते नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर केलं आणि २०२४ मध्ये गुगलनेही अँड्रॉइडसाठी अधिकृत पाठिंबा दिला. इथे हिशोब, डेटाबेस, सर्व्हरशी बोलणं एवढाच कोड सामायिक ठेवता येतो आणि स्क्रीन दोन्हीकडे वेगळ्या लिहिता येतात. स्क्रीनही सामायिक हव्या असतील तर कंपोज मल्टिप्लॅटफॉर्म आहे.

माझी दोन वर्षं

२०१९ मध्ये डिग्री घेऊन मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. तिथे झामरिन होतं. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये झामरिनची कंपनीच विकत घेतली होती, त्यामुळे "एवढी मोठी कंपनी पाठीशी आहे, घाबरायचं कारण नाही" असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा वारसदार म्हणून डॉट नेट माउई जाहीर केलं आणि १ मे २०२४ ला झामरिनचा सपोर्ट बंद झाला.

पण माझं नुकसान झालं ते झामरिन गेल्यामुळे नाही. २०२१ मध्ये नोकरी बदलायला निघालो तेव्हा एका मुलाखतीत विचारलं, "युजर फॉर्म भरतोय, मध्येच फोन आला, वीस मिनिटं बोलला आणि परत ॲप उघडलं. अर्धवट भरलेला फॉर्म कुठे गेला?" मी म्हणालो, "तिथेच असेल की." समोरचे गृहस्थ हसले नाहीत, त्यांनी फक्त पुढचा प्रश्न विचारला. खरं उत्तर असं, की मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप सरळ मारून टाकतं, आणि तुम्ही माहिती जपून ठेवली नसेल तर फॉर्म गेला. दोन वर्षं मी झामरिनचे कंट्रोल पाठ करत होतो. फोन कसा चालतो हे शिकलोच नव्हतो. ते शिकलो असतो तर झामरिन बंद पडल्याने माझं फारसं बिघडलं नसतं.

भावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मग नेटिव्हच करू का?" तसंही नाही.

दूध संकलन आणि ब्लूटूथचा काटा

आता मी फ्लटरवर काम करतो. आमचं एक ॲप दूध संकलन केंद्रांवर चालतं. सकाळी सहाला शेतकरी कॅन घेऊन रांगेत उभे असतात, वजनकाटा ब्लूटूथने फोनला जोडलेला असतो, आणि लिटर, फॅट आणि दर यांची पावती निघते. ९० टक्के ॲप फ्लटरमध्ये मजेत झालं. काट्याशी बोलण्यासाठी आम्ही कुणीतरी फुकट दिलेलं तयार प्लगइन वापरलं होतं.

अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथच्या परवानग्या बदलल्या. आधी जुन्या टार्गेटवर ढकललं, पण नोव्हेंबर २०२२ पासून प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचा तर ॲपचं टार्गेट अँड्रॉइड १२ करणं सक्तीचं झालं. आम्ही टार्गेट बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या फोनवर काटा जोडेना. प्लगइन लिहिणाऱ्याने ते केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं. केंद्रावरचा पोरगा फोनवर ओरडत होता, मागून रांगेतल्या लोकांचा आवाज येत होता. त्या दिवशी पावत्या हाताने लिहिल्या गेल्या.

त्यानंतर तीन दिवस मी कोटलिन लिहीत होतो, फ्लटर नाही. फ्लटरमधून नेटिव्ह कोडला हाक मारायची सोय असते, तिला प्लॅटफॉर्म चॅनेल म्हणतात. परवानग्या मागणं, काटा शोधणं, जोडणी तुटली तर पुन्हा जोडणं हे सगळं तिथे लिहिलं. टीममध्ये कोटलिन येणारा मी एकटाच होतो, तेही मुलाखतीतल्या त्या प्रश्नाच्या रागातून रात्री बसून शिकलेलं. पुढच्या वर्षीची माझी पगारवाढ त्या तीन दिवसांची आहे असं मी तरी मानतो.

म्हणून मी स्पेशलायझेशनचा अर्थ असा लावतो: एक क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्क नीट यावं आणि त्याखालचा निदान एक नेटिव्ह मजला तरी ओळखीचा असावा. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आहे, तेव्हा तो मजला कोटलिनचा असलेला बरा.

मग निवडायचं कसं?

वेब डेव्हलपमेंट करून जावास्क्रिप्ट आणि रिॲक्ट येत असेल, तर रिॲक्ट नेटिव्हकडे जा. अर्धा डोंगर चढून झालेला आहे, तो उतरून दुसरा चढू नका. शिवाय मोबाइलची नोकरी मिळाली नाही तर वेबची मिळू शकते. ही पळवाट फ्रेशरसाठी लहान नाही.

कोरी पाटी असेल आणि लवकर काहीतरी स्क्रीनवर दिसावं असं वाटत असेल, तर फ्लटर. कोड बदलून सेव्ह केला की क्षणात फोनवर बदल दिसतो, त्याला हॉट रिलोड म्हणतात. शिकणाऱ्याचा उत्साह टिकतो तो त्यामुळे. मात्र डार्ट भाषा फ्लटरबाहेर फारशी कुठे वापरली जात नाही, हे माहीत असू द्या. एप्रिल २०२४ च्या सुमारास गुगलने फ्लटर आणि डार्टच्या टीममधलेही काही लोक कमी केले, तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर चहावर तोच विषय होता. फ्लटर काही बंद पडलं नाही, पण झामरिनमध्ये हात पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

जावा किंवा अँड्रॉइड आधीच येत असेल तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म. माझ्या पाहण्यात फ्रेशरसाठी त्याच्या जागा अजून कमी आहेत, पण समजा त्या मिळाल्याच नाहीत तरी हातात कोटलिन उरतंच.

"पण मोठ्या कंपन्या काय वापरतात?" हा भावाचा लाडका प्रश्न. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडत असल्याचं जाहीर केलं. शॉपिफायने २०२० मध्ये नवीन मोबाइल ॲप्स रिॲक्ट नेटिव्हमध्येच करणार असं सांगितलं. हत्यार एकच, दोन वर्षांचं अंतर, निर्णय उलटे. दोघांच्या टीम वेगळ्या, गरजा वेगळ्या. त्यांच्यावरून तुमचं ठरवायला गेलात तर नुसतं डोकं फिरेल.

मराठी ॲप करून बघा, बरंच कळेल

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही. आमच्या ॲपमध्ये पावतीवर जागा कमी, म्हणून एकाने नाव आठ अक्षरांवर कापलं. "ज्ञानेश्वर" या नावात आपल्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. कॉम्प्युटर मात्र ज, हलन्त, ञ, काना असं करत दहा मोजतो. आठवर कापल्यावर पावतीवर छापलं गेलं "ज्ञानेश्". प्रोफाइलच्या गोलात पहिलं अक्षर दाखवायचं होतं, तिथे "ज्ञा" ऐवजी नुसता "ज". जावास्क्रिप्ट असो की डार्ट, साधी लांबी मोजली की दोन्हीकडे हेच होतं. डार्टमध्ये कॅरेक्टर्स नावाचं पॅकेज आहे, जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे. ही नावं लक्षात ठेवा आणि जोडाक्षरं घालून स्वतः तपासून बघा, कारण आवृत्ती जुनी असेल तर तिथेही जोडाक्षर मध्येच तुटतं.

मुलाखतीत "लॉगिन पेज केलं, ई-कॉमर्स क्लोन केला" असं सांगणारे डझनभर असतात. "मराठी नावं कापताना हा बग आला, तो असा काढला" असं सांगणारा अजून मला तरी भेटलेला नाही. भेटला तर मी त्याला नक्की घेईन.

लॅपटॉप, मॅक आणि खर्च

भावाकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. त्यावर अँड्रॉइड स्टुडिओसोबत एम्युलेटर चालू केला की पंखा विमानासारखा ओरडतो. एम्युलेटर नकोच. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा आणि स्वतःच्या फोनवरच ॲप चालवा. घरात एखादा जुना, २ जीबी रॅमचा फोन पडला असेल तर तो आणखी चांगला. तुमचे खरे युजर तसलेच फोन वापरतात.

आयफोनचं ॲप बिल्ड करायला एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. त्यासाठी कर्ज काढून मॅकबुक घेऊ नका. क्लाउडवर बिल्ड करून देणाऱ्या सेवा आहेत, आणि शिकताना पहिले सहा महिने त्यांचीही गरज पडत नाही. प्ले स्टोअरच्या डेव्हलपर खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दरवर्षी ९९. पहिलं ॲप अँड्रॉइडवर टाका, विषय संपला.

राहिला तो ४५ हजारांचा क्लास. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह आणि कोटलिन या तिन्हींची अधिकृत कागदपत्रं फुकट आहेत आणि क्लासच्या नोट्सपेक्षा ताजी असतात. शिस्त लागावी म्हणून कुणी क्लास लावला तर माझी हरकत नाही, पण त्यांना एकच विचारा: तुमच्या मुलांनी प्ले स्टोअरवर टाकलेली ॲप्स दाखवा. भावाने विचारलं. त्यांनी नोकरीची हमी असलेला कागद दाखवला. हप्ता भरला गेला नाही. काकांनी पैसे परत भरले म्हणे, थोडं व्याज गेलं.

भावाने फ्लटर घेतलंय आणि पहिलं ॲप मावशीच्या बचत गटासाठी करतोय. महिन्याची वर्गणी, कुणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, एवढंच. नवीन वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं तर आधी किमान १२ टेस्टरनी सलग १४ दिवस टेस्टिंगमध्ये राहावं लागतं. गटात मावशी धरून बाराच बायका आहेत. काल रात्री त्याचा मेसेज आला: "दादा, नऊ झाल्या. तिघींच्या फोनमध्ये पोरांचं जीमेल आहे, त्यांची नवीन खाती उद्या दुपारी काढून देतो."