वळीव, टोर्नेडो आणि उडणारा पत्रा

गारगोटी परिसरात वळवाने झोडपले की गोठ्यांचे पत्रे उडतात, आडसाली ऊस लोळतो आणि गावभर बोलले जाते, ‘चक्रीवादळ आलं’. ते चक्रीवादळ नसते. टोर्नेडोही बहुधा नसतो. पडलेला फडच ते सांगतो. ऊस एकाच दिशेला किंवा एका जागेपासून बाहेर फाकत आडवा झाला असेल, तर ढगातून थंड हवेचा लोंढा खाली आदळलेला असतो. टोर्नेडोच्या अरुंद पट्ट्यात पीक आत ओढल्यासारखे, पिळवटून पडते. १९७४ च्या अमेरिकेतील टोर्नेडोंनंतर विमानातून पाहणी करताना हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांना अशी बाहेर फाकलेली झाडे दिसली. तसाच विध्वंस त्यांनी १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतरच्या नागासाकीत पाहिला होता.

ढग दोन्हीकडे एकाच जातीचा, गडगडाटी. वळवाला तापलेली जमीन, अरबी समुद्रावरची दमट हवा आणि सह्याद्रीचा चढ पुरतो. टोर्नेडोला जमिनीलगतचे वारे आणि काही किलोमीटर उंचीवरचे वारे यांच्या वेगात व दिशेत मोठी तफावत लागते. तिने हवेला आडवा पीळ बसतो आणि वर चढणारा झोत तो पीळ उभा करतो. बंगालच्या मैदानात मार्च-एप्रिलमध्ये खाली उपसागराचा दमट वारा आणि वर जोरकस पश्चिमी वारे असतात. गारगोटीच्या अक्षांशावर वळवाच्या दिवसांत वरचे वारे सहसा तेवढे जोरकस नसतात.

२६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर-साटुरिया भागात टोर्नेडोने सुमारे १,३०० बळी घेतले. केवळ वाऱ्याला दोष देऊन हा आकडा उलगडत नाही. मातीच्या भिंती, बांबू आणि पत्रे यांची घरे आणि दाट वस्ती हेही कारणच. श्रीमंत देशही सुटला नव्हता. १८ मार्च १९२५ रोजी अमेरिकेच्या तीन राज्यांतून साडेतीन तास धावलेल्या टोर्नेडोत ६९५ माणसे गेली. अनेक शेतकऱ्यांना ढगातून लोंबणारी टोर्नेडोची सोंड दिसलीच नाही. काळ्या धुक्याचा लोट येतोय असे वाटले. लोक घाबरतील म्हणून तेव्हा सरकारी अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरत नसत! घबराट टाळण्याची ही सरकारी हौस महागात पडली.

गारगोटीकरांनी टोर्नेडोची धास्ती घेऊ नये, पण वळवाला हलकेही समजू नये. पत्र्याच्या कडा मे लागण्याआधी आवळून घ्या, गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्के घर गाठा आणि मोबाईलवर ‘दामिनी’ ठेवा. पुण्याच्या हवामान संस्थेने बनवलेले हे ॲप जवळच्या विजेचा इशारा देते.