काचेखालचे थर
* लेखक सौर पॅनेलची ३.२ मिमी काच आणि सेलवरचा जेमतेम ७५ नॅनोमीटरचा सिलिकॉन नायट्राइडचा थर यांना वेगवेगळं गणित लावतात, ही विसंगती नव्हे. सूर्यप्रकाशातल्या लहरींची आपसातली संगती जेमतेम मायक्रोमीटरभर टिकते. त्यामुळे काचेत परावर्तनांच्या नुसत्या तीव्रता मिळवायच्या, नायट्राइडमध्ये मात्र लहरींची कलाही धरायची. काच आणि सेल यांना जोडणाऱ्या ईव्हीए या प्लॅस्टिकच्या थराचा अपवर्तनांक (सुमारे १.४८) काचेच्या १.५च्या इतका जवळ, की त्या सीमेवरून प्रकाश जवळजवळ परततच नाही. हवेतून काचेवर सरळ पडणाऱ्यातला मात्र ४ टक्के परततो. उघडा असताना निळा दिसणारा सेल ईव्हीएखाली गेला की काळपट दिसतो. म्हणूनच उघड्या सेलवरची मोजमापं पॅनेलच्या हिशेबात जशीच्या तशी घालू नयेत, हा लेखकांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. — संपा.