फ्रायडेचं खरं नाव

माझा नातू बोस्टनजवळ राहतो. मागच्या खेपेला त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्याला शाळेत नेमलेलं एक पुस्तक हाती लागलं. एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर यांची १९८३ सालची किशोर कादंबरी, 'द साइन ऑफ द बीव्हर'. माझं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी.ए.चं, तरी दोन दुपारींत वाचून झाली. मनातून मात्र अजून गेलेली नाही.

काळ १७६८चा. जागा आजच्या मेन राज्यातलं जंगल. तेव्हा हा भाग मॅसॅच्युसेट्सच्या ताब्यात होता आणि गोऱ्यांची वस्ती तिथे नुकती सरकू लागली होती. बारा वर्षांचा मॅट नव्या लाकडी घराची राखण करत एकटाच राहिलाय. वडील आई-बहिणीला आणायला क्विन्सीला गेलेत. एक भामटा त्याची बंदूक पळवतो. मधासाठी झाडावर चढतो तर मधमाश्या फोडून काढतात. त्याला वाचवतात सॅकनिस नावाचे आजोबा आणि त्यांचा नातू अटियन. आपण शाळेत ज्यांना 'रेड इंडियन' म्हणत आलो, त्यांच्यातले हे दोघे.

सॅकनिस मोबदल्यात एकच गोष्ट मागतात. माझ्या नातवाला वाचायला शिकव. गोरे कागद घेऊन येतात, आमचे लोक त्यावर खूण करतात आणि जमीन जाते. त्या कागदावर काय लिहिलंय ते याला कळलं पाहिजे.

मॅटजवळ पुस्तकं दोनच, बायबल आणि 'रॉबिन्सन क्रूसो'. तो क्रूसो वाचून दाखवू लागतो. फ्रायडे क्रूसोचा पाय स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतो तो प्रसंग येतो आणि अटियन उसळतो. गोऱ्यापुढे असं वाकण्यापेक्षा आपण मरण पत्करू, असं त्याचं म्हणणं.

इथे मी पुस्तक मिटून बसले. ऑफ तासाला मुलांना ही गोष्ट मी कितीदा रंगवून सांगितली असेल! फ्रायडे हे तर क्रूसोने ठेवलेलं नाव, शुक्रवारी भेटला म्हणून. त्याचं स्वतःचं नाव काय होतं, हे ना मी कधी विचारलं, ना वर्गातल्या कुणी. इतकी वर्षं खडू हातात धरून मला जे दिसलं नाही, ते अटियनला पहिल्या वाचनात दिसलं.

पुढे शिकवणारा आणि शिकणारा यांची अदलाबदल होते. फास लावणं, मासे धरणं, धनुष्य बनवणं अटियन शिकवतो. अटियनची आजी मात्र मॅटला सहज जवळ करत नाही. तिच्या मुलीला, म्हणजे अटियनच्या आईला, गोऱ्यांनी बक्षिसासाठी मारलेलं असतं. हे लेखिकेच्या मनचं नव्हे. १७५५ साली मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने जाहीरनामा काढून पेनॉबस्कॉट पुरुषाच्या टाळूच्या कातड्याला ४० पौंड आणि बाईच्या किंवा मुलाच्या कातड्याला २० पौंड लावले होते. असं असूनही ही दोन मुलं मित्र होतात. निरोप घेताना अटियन आपला कुत्रा देतो, मॅट वडिलांचं घड्याळ.

पुस्तकात दोष आहेत. अटियन तुटक इंग्रजी बोलतो, आणि शेवटी त्याचे लोक जंगलात निघून जातात, जणू संपलेच! प्रत्यक्षात ते कुठे संपले नाहीत. पेनॉबस्कॉट आजही त्याच नावाच्या नदीतल्या इंडियन आयलंडवर राहतात. सॅकनिसची भीतीही खरी ठरली. १७९६च्या तहात त्यांची बरीच जमीन गेली. पण १७९०चा एक कायदा होता, संघराज्य सरकारच्या संमतीशिवाय असे व्यवहार वैध नाहीत म्हणणारा. त्याच्या आधारे पेनॉबस्कॉट आणि पासामाक्वॉडी यांनी जवळजवळ दोन तृतीयांश मेनवर हक्क सांगितला. १९८०च्या तडजोडीत त्यांना ८ कोटी १५ लाख डॉलर मिळाले. शेवटी कागद वाचता आला म्हणूनच ना!

मैत्री खरी होती आणि जमीनही खरोखर गेली. मुलांना सांगताना यातलं एक गाळू नये, असं आता वाटतं.

असो. शेजारची मुलं संध्याकाळी गोष्ट ऐकायला येतात. क्रूसो मी अजूनही सांगते. फक्त त्या प्रसंगाशी थांबते आणि विचारते, "बाळांनो, याचं खरं नाव काय असेल रे?"