कटाडिनचा दाता : पर्सिव्हल बॅक्स्टर

स्मरणिकेच्या पानांवर दरवर्षी आपल्या ज्ञातीतील दानशूर पुरुषांची चरित्रे येत असतात आणि ती यावीत हे उचितच आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांस जरा दूरदेशी नेऊ इच्छितो. ज्या गृहस्थांची हकीकत येथे सांगावयाची आहे त्यांचा आपल्या ज्ञातीशीच काय, पण आपल्या देशाशीही कसला संबंध नव्हता. परंतु दान देणे ही एक विद्या आहे आणि दिलेले दान टिकविणे ही दुसरी. पहिली पुष्कळांना साधते, दुसरी फार थोड्यांना. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर काही वर्षे काढली आहेत त्यांस आम्ही काय म्हणतो ते अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. धर्मशाळेसाठी दिलेल्या जागेत दुकाने निघतात आणि शाळेसाठी ठेवलेला निधी भलत्याच कामी लागतो. दात्याचे तैलचित्र तेवढे भिंतीवर राहते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अगदी ईशान्येच्या कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. तेथील पोर्टलंड शहरी 22 नोव्हेंबर 1876 रोजी पर्सिव्हल प्रॉक्टर बॅक्स्टर यांचा जन्म झाला. वडील जेम्स फिनी बॅक्स्टर यांनी मक्याचे दाणे व इतर खाद्यपदार्थ डब्यांत भरून विकण्याच्या धंद्यात मोठी संपत्ती मिळविली होती. परंतु हे गृहस्थ केवळ व्यापारी नव्हते. सहा वेळा ते पोर्टलंडचे महापौर झाले, आपल्या प्रांताच्या इतिहासाची साधने त्यांनी चिकाटीने जमविली व प्रसिद्ध केली, आणि 1888 मध्ये शहराला सार्वजनिक ग्रंथालयासाठी स्वतःच्या खर्चाने इमारत बांधून दिली. मुलाला वारशात पैसा मिळाला तसा पैशाचा विनियोग कसा करावा याचा धडाही घरातच मिळाला. दुसरा वारसा सर्वच श्रीमंतांच्या मुलांना मिळतो असे नाही.

पर्सिव्हल यांच्या बालपणाची एक गोष्ट सांगितली जाते. वडिलांनी मुलाला कबूल केले होते की, पाच पौंडांहून जड मासा पकडशील तर पौंडामागे दहा डॉलर देईन. सात वर्षांच्या पर्सिव्हलने आठ पौंडांचा ट्राउट मासा गळाला लावला आणि वडिलांकडून ऐंशी डॉलर वसूल केले. ते खर्च न करता त्याने बँकेत ठेवले. पुढे या रकमेची व्याजासह वाढ होऊन ती हजार डॉलरांच्या वर गेली म्हणतात. जंगलातील तळ्याकाठचा आनंद आणि बँकेतील खात्याची शिस्त या दोन्ही गोष्टी या एका प्रसंगात दिसतात, आणि पुढील आयुष्यात त्यांनी एकमेकींची साथ सोडली नाही.

1898 मध्ये बोडिन महाविद्यालयातून व 1901 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून त्यांनी पदव्या घेतल्या. वकिली त्यांनी फारशी केली नाही. वडिलांच्या मिळकतीची व्यवस्था पाहत ते राजकारणात शिरले. 1905 पासून त्यांनी राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत काम केले. 1921 च्या आरंभी ते वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी 31 जानेवारीस गव्हर्नर पार्कहर्स्ट यांचे निधन झाले आणि घटनेप्रमाणे ते पद बॅक्स्टर यांच्याकडे आले. (तिकडील गव्हर्नर आपल्या राज्यपालांप्रमाणे नेमलेला नसतो, लोक त्याला निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच हाकतो.) 1922 मध्ये लोकांनी त्यांना स्वतंत्रपणे निवडून दिले व जानेवारी 1925 पर्यंत ते अधिकारावर होते. नद्यांच्या पाण्यापासून निर्माण होणारी वीज खाजगी कंपन्यांच्या हाती जाऊ नये म्हणून ते झगडले. कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेष्टी संघटना त्या काळी मेनमध्ये जोरात होती. तिचा त्यांनी उघड निषेध केला.

गव्हर्नर असताना त्यांच्यावर टीकेचे मोहोळ उठले ते मात्र एका कुत्र्यापायी. गॅरी नावाचा त्यांचा आयरिश सेटर जातीचा लाडका कुत्रा त्यांच्याबरोबर कचेरीत येत असे. 1923 मध्ये तो मेला तेव्हा गव्हर्नरसाहेबांनी राज्यभवनावरील ध्वज अर्ध्यावर उतरविण्यास सांगितले. राष्ट्रासाठी प्राण देणाऱ्या वीरांना जो मान द्यावयाचा तो कुत्र्याला दिला, म्हणून माजी सैनिक संतापले. आमच्या मते त्यांचा राग रास्त होता. तथापि मुक्या प्राण्यांविषयी या गृहस्थांच्या मनात किती खोल माया होती हेही त्यावरून कळते. पुढील हकीकतीत या मायेचा संबंध येणार आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. मेनच्या उत्तर भागातील घनदाट अरण्यात कटाडिन नावाचा पर्वत उभा आहे. पेनॉब्स्कॉट या आदिवासींच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सर्वांत थोर पर्वत असा आहे आणि त्यांच्या दृष्टीने तो पवित्र आहे. त्याची उंची 5,267 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा किंचित कमीच. परंतु सभोवार सरोवरे व सखल अरण्य असल्यामुळे तो एकटाच आभाळात घुसल्यासारखा दिसतो. सुप्रसिद्ध लेखक थोरो 1846 मध्ये तेथे गेले होते, पण ढगांमुळे त्यांना माथा गाठता आला नाही. बॅक्स्टर यांनी 1920 च्या उन्हाळ्यात काही मित्रांसह हा पर्वत चढून पाहिला. दोन्ही बाजूंस खोल कडे आणि मधून सुरीच्या धारेसारखी निमुळती वाट आहे, आणि तिला तेथील लोक सुरीची धार असेच म्हणतात. ती ओलांडून ते शिखरावर गेले आणि हा पर्वत लोकांच्या मालकीचा व्हावा हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

तो लोकांच्या मालकीचा का नव्हता, असे वाचक विचारतील. एके काळी मेनची अफाट वनभूमी राज्याचीच होती. एकोणिसाव्या शतकात राज्याने ती कवडीमोलाने विकून टाकली. पुढे ती लाकूडवाल्यांच्या आणि कागद गिरण्यांच्या हाती गेली. एकाच जमिनीत अनेक मालकांचे अविभक्त हिस्से, हा तर तेथील रिवाजच होता. (हे वाचून आमच्या कोकणातील वाचकांना आपल्या वडिलोपार्जित बागांची आठवण झाल्यास नवल नाही.) कटाडिनभोवतीच्या जमिनीत सर्वांत मोठी मालकी ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीची होती आणि राज्याच्या राजकारणात या कंपनीचे वजन मोठे होते. बॅक्स्टर यांनी सभासद म्हणून आणि मग गव्हर्नर म्हणून उद्यानाची योजना विधिमंडळापुढे मांडली, व्याख्याने दिली, पत्रके काढली. विधिमंडळाने ती मानली नाही. राज्याचे सर्वोच्च पद हाती असूनही जे करावेसे वाटत होते ते त्यांना करता आले नाही.

दुसरा कोणी असता तर निवृत्तीनंतर आठवणी लिहीत बसला असता. बॅक्स्टर यांनी ठरविले की, जे राज्य करीत नाही ते आपण आपल्या पैशाने करावयाचे. पाच वर्षे ते वाट पाहत राहिले. कंपनीचे जुने अध्यक्ष वारल्यावर नव्या अध्यक्षांशी त्यांची बोलणी जमली आणि 1930 मध्ये कटाडिनच्या शिखरासह 5,960 एकरांच्या क्षेत्रातील कंपनीची मालकी त्यांनी 25,000 डॉलरांस विकत घेतली. 1931 मध्ये ती त्यांनी राज्याला दान केली. पर्वताच्या सर्वोच्च शिखरास बॅक्स्टर शिखर हे नाव मिळाले आणि उद्यानालाही त्यांचेच नाव दिले गेले.

येथवर कथा नेहमीच्या दात्याची आहे. तिचे वेगळेपण दानपत्रात आहे. ही भूमी राज्याने निरंतर विश्वस्त म्हणून सांभाळावी, लोकांच्या विहारासाठी ती खुली असावी, ती आपल्या नैसर्गिक रानटी अवस्थेत ठेवावी, वन्य पशुपक्ष्यांचे ते अभयस्थान असावे आणि मोटारींसाठी तेथे रस्ते बांधू नयेत, असा त्यातील अटींचा मथितार्थ होता. राज्य मालक न राहता विश्वस्त झाले, हे येथे ध्यानात घ्यावे. मालकाला विक्री करता येते, हेतू बदलता येतो. विश्वस्ताला न्यायालयास उत्तर द्यावे लागते. शिवाय प्रत्येक दान विधिमंडळाने रीतसर स्वीकारावे असा त्यांचा क्रम असे, म्हणजे ज्या विधिमंडळाने एकदा नकार दिला होता त्याच्याच सहीने अटी बांधल्या जात. विधिमंडळात अनेक वर्षे वावरलेल्या माणसाची ही समज होती. आजच्या सभासदांचे वचन उद्याच्या सभासदांना बांधीलच असे नाही, हे त्यांनी आतून पाहिले होते.

त्यानंतर तीस वर्षे हा उद्योग अखंड चालू राहिला. एक तुकडा घ्यावयाचा, राज्याला द्यावयाचा, मग शेजारच्या मालकाकडे जावयाचे. 1931 ते 1962 या काळात अशी एकंदर 28 दानपत्रे झाली आणि उद्यानाचे क्षेत्र 2,01,018 एकर, म्हणजे सुमारे 314 चौरस मैल झाले. अखेरचे दान केले तेव्हा दात्याचे वय पंच्याऐंशी होते. त्यांनी लग्न केले नाही. प्रपंच म्हणावा तर हाच.

या काळात त्यांना सर्वांत मोठा विरोध करावा लागला तो शत्रूला नव्हे, तर हितचिंतक म्हणविणाऱ्यांना. 1937 मध्ये रॅल्फ ओवेन ब्रूस्टर या मेनच्याच प्रतिनिधीने कटाडिन हे राष्ट्रीय उद्यान करावे असे विधेयक वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये आणले. हे ब्रूस्टर बॅक्स्टर यांच्या मागोमाग गव्हर्नर झाले होते आणि उभयतांचे सख्य नव्हते. राष्ट्रीय उद्यान म्हणजे मोठा पैसा, मोठे रस्ते, उपाहारगृहे व प्रवाशांची गर्दी. बॅक्स्टर यांनी सारी शक्ती पणास लावून विरोध केला आणि विधेयक बारगळले. पर्वत मेनच्या लोकांना दिला आहे, तो त्यांचाच राहील, ही त्यांची भूमिका होती.

परंतु हा गृहस्थ केवळ हट्टी होता असे समजू नये. उत्तरेकडील काही जमिनी घेताना तेथील लोकांचा पिढीजात शिकारीचा हक्क सोडवेना, तेव्हा त्या भागांत त्यांनी शिकारीस मुभा ठेवली. आजही उद्यानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भागच शिकारबंदीचा आहे. 1955 मध्ये एक मोठा भाग त्यांनी शास्त्रीय पद्धतीने वनशेती करून दाखविण्यासाठी राखला, कारण परदेशांत झाडे तोडूनही अरण्य राखलेले त्यांनी पाहिले होते. आपल्या अटींचा अर्थ काय घ्यावा हे त्यांनी हयातीतच पत्रांनी व विधिमंडळाच्या कायद्यांनी स्पष्ट करून ठेवले. आमच्या पाहण्यातील बहुतेक दाते अट घालून मोकळे होतात आणि अर्थ लावण्याचे भांडण पुढच्या पिढीस ठेवून जातात.

याच दात्याचे दुसरे एक मोठे दान पाहावे. पोर्टलंडजवळचे मॅकवर्थ बेट त्यांनी 1943 मध्ये राज्यास दिले आणि तेथे कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी मोठी रक्कमही दिली. 1957 मध्ये तेथे शाळा सुरू झाली. त्यांच्या पश्चात त्या शाळेतील मुलांवर अनेक वर्षे अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि नुकसानभरपाईसाठी राज्याला 2001 मध्ये स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. आयुष्यभर शाळेत काढलेल्या माणसास हे लिहिताना जड जाते, पण दात्याचे चरित्र सांगताना ते गाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अरण्यावर जशी नजर होती तशी त्या मुलांवर कोणाची नव्हती.

12 जून 1969 रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी बॅक्स्टर निवर्तले. त्यांची रक्षा त्यांच्या इच्छेप्रमाणे कटाडिनच्या परिसरात विखुरण्यात आली. उद्यानासाठी त्यांनी सुमारे सत्तर लाख डॉलरांचा निधी मागे ठेवला होता. तो निधी व प्रवेशशुल्कादी उत्पन्न यांवर उद्यानाचा खर्च मुख्यतः भागतो. त्यासाठी दरवर्षी विधिमंडळापुढे पदर पसरावा लागत नाही. कारभार तिघांच्या मंडळाकडे आहे : वन्यजीव खात्याचे प्रमुख, वनखात्याचे प्रमुख आणि राज्याचे महाधिवक्ता. तिघेही पदसिद्ध, त्यामुळे निवडणुकांचा घोळ नाही.

दानपत्राची खरी कसोटी दात्याच्या मागेच लागली. 1974 च्या नोव्हेंबरात वादळाने उद्यानातील हजारो झाडे उन्मळून पडली. वाळलेल्या लाकडाने वणवा लागेल म्हणून ते यंत्रे लावून काढण्याचे मंडळाने योजिले. काही नागरिकांनी, नैसर्गिक अवस्थेत ठेवावे याचा अर्थ पडलेले झाडही पडू द्यावे असा आहे, असे म्हणून न्यायालयात धाव घेतली. हा वाद चालू असतानाच 1977 च्या जुलैत त्या भागात आग लागली आणि तीन हजारांहून अधिक एकर जळाले. दोन्ही बाजूंचे म्हणणे अशा रीतीने खरे ठरले म्हणावयाचे! 1978 मध्ये मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने दानपत्रातील शब्द पुढे ठेवून या प्रश्नाचा विचार केला, आणि उद्यानाचा उपयोग करणाऱ्या सामान्य नागरिकासही विश्वस्तांना जाब विचारता येतो हे मान्य केले. मेलेल्या माणसाच्या इच्छेने जिवंतांनी किती बांधले जावे, ही शंका आमच्याही मनात येते. तथापि ज्या अरण्यास स्वतःची वाचा नाही त्याच्या वतीने बोलावयास एक कागद शिल्लक होता, हे मात्र खरे.

कटाडिन सरोवर हे बॅक्स्टर यांना हवे असून हयातीत मिळाले नव्हते. लोकवर्गणी व देणग्या जमवून 2006 मध्ये त्याच्या भोवतालची 4,119 एकर भूमी उद्यानाकडे आली, आणि एकंदर क्षेत्र 2,09,000 एकरांच्या वर गेले. जॉर्जियापासून निघणारी सुमारे 2,190 मैलांची ॲपलाचियन पायवाट बॅक्स्टर शिखरावर संपते. उद्यानात आजही वीज नाही, नळाचे पाणी नाही, डांबरी रस्ता नाही. मोटारी उभ्या करण्याची जागा भरली की उशिरा आलेल्यास त्या वाटेने डोंगर चढता येत नाही, मग तो कितीही लांबून आलेला असो. आणि वन्य पशुपक्ष्यांचे अभयस्थान म्हणून आणखी एक नियम फाटकापाशीच सांगितला जातो : पाळीव कुत्रे आत आणण्यास बंदी आहे.